गीझर दिवसभर चालू ठेवल्यानं वीज वाचते का?

"गीझर सारखा बंद करू नका, गार पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, थर्मोस्टॅट आहे ना, राहू द्या चालू." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकताना पटतो, पण हिशेब उलटा आहे.

टाकीतली उष्णता सतत बाहेर झिरपते. पाणी जितकं गरम, तितकी वेगानं. पाणी निवत गेलं की झिरपणंही मंदावतं. थर्मोस्टॅट पाणी कायम तापलेलं ठेवतो, म्हणजे ही गळती दिवसभर पूर्ण वेगानं चालते आणि तेवढी वीज पुन्हा पुन्हा ओढली जाते. बंद ठेवलेल्या गीझरला नंतर फक्त गेलेली उष्णता परत द्यायची असते, आणि ती कमीच गेलेली असते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॉटच्या गीझरला जेमतेम २० मिनिटं.

घरातले सगळे लागोपाठ आंघोळ करत असतील तर तेवढा वेळ तो खुशाल चालू ठेवा.

खात्री करायचीय? एक आठवडा चालू ठेवून, पुढचा गरजेपुरता लावून मीटरचे आकडे लिहून ठेवा. बाकीचा वापर मात्र दोन्ही आठवडे सारखाच हवा.