अक्षरक्रमानं वसलेली गावं: नेब्रास्कातल्या रेल्वेवस्त्यांची पार्श्वभूमी

क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, ज्युनिआटा, केनेसॉ, लोवेल. मधली एखाद-दुसरी सोडली तर अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या, बर्लिंग्टन या रेल्वे कंपनीच्या जुन्या मार्गावरची ही गावं रोमन लिपीच्या अक्षरक्रमानं, सी ते एल, ओळीनं येतात. १८७१-७२ मध्ये लोहमार्ग पश्चिमेकडे सरकला, तेव्हा यांतल्या बहुतेक जागी नुसतं गवताळ माळरान होतं. स्टेशनाचं नाव आधी पडलं, वस्ती मागाहून आली.

दोन स्टेशनांत साधारण ६ ते १० मैल अंतर असे. घोडागाडीतून धान्य आणून अंधार पडायच्या आत घर गाठता यावं, हा त्यामागचा हिशेब. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगलाही एवढीच हद्द झेपे. मैलाला सुमारे ३,००० स्लीपर. त्यांतले कुजलेले बदलायचे, वर आलेले खिळे ठोकायचे, खचलेल्या जागी खडी ठासायची. मुकादम आणि त्याची चार-पाच माणसं गावातच राहत, म्हणून शाळा आणि दुकान टिकून राही.

खरी डोकेदुखी पाण्याची. त्या भागातलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. वाफेच्या इंजिनातल्या बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. नळ्या तापून गळू लागतात, कोळसाही जास्त जळतो. पाण्यात सोडा जास्त असेल तर फेस होऊन पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दट्ट्याच्या धक्क्यानं सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून ज्या गावाची विहीर चांगली, तिथली टाकी महत्त्वाची. थंडीत नळ गोठू नये म्हणून टाकीखाली शेगडी पेटती ठेवावी लागे.

गावाचं नशीब मात्र जंक्शननं फिरे. १८७२ मध्ये दुसरा लोहमार्ग जिथं या मार्गाला छेदून गेला, तिथं हेस्टिंग्ज वसलं आणि १८७८ मध्ये ज्युनिआटाकडचं काउंटीचं (जिल्ह्यासारख्या विभागाचं) मुख्यालय तिथं गेलं.

१९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि टाक्या निकामी झाल्या. यंत्रांनी गँग आटवल्या. १९६७ मध्ये धावत्या टपालडब्यांची बहुतेक कंत्राटं रद्द झाली, तसा छोट्या ठिकाणी थांबणाऱ्या प्रवासी गाड्यांचा आधारच गेला. उरला धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवून वाघिणींत भरायचं उंच कोठार. पण आता धान्याची गाडी ११० वाघिणींची असते. वाघीण सुमारे ६० फूट धरली, तर अख्खी गाडी भरायला सव्वा मैल रूळ हवेत, आणि जुन्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) जेमतेम काही वाघिणी मावतात.