वर्गातील संवादसुलभता : कर्णबधिर विद्यार्थी आणि नाशिक

कमी ऐकू येणाऱ्या किंवा अजिबात ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातले सगळे बोलणे कळावे आणि त्याचे म्हणणेही वर्गाला कळावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे संवादसुलभता. ‘सगळे’ या शब्दात शिक्षकांचे शिकवणे येते, तसेच मागच्या बाकावरून आलेले उत्तर, त्यावर पिकलेला हशा आणि ‘उद्या सकाळची शाळा’ ही जाता जाता दिलेली सूचनाही येते. शिकवणे थोडेफार पुस्तकातून भरून काढता येते. बाकीचे कुठेही छापलेले नसते, आणि मूल एकटे पडते ते तिथेच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत, बोलण्यातल्या आवाजांच्या पट्टीत, ७० डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचे एकक) इतका श्रवणऱ्हास, म्हणजे ऐकण्यातली घट, असेल तर व्यक्ती बधिर ठरते. ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी. ही मोजपट्टी दिव्यांग प्रमाणपत्राची. वर्गातली अडचण त्याच्या फार आधी सुरू होते. पावसाळ्यात कान वाहणाऱ्या मुलाला दोन-तीन महिने अर्धेमुर्धेच ऐकू येते. त्याच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नसते, आणि ‘लक्ष नाही’ हा शेरा मात्र प्रगतिपुस्तकात पडतो.

नाशिक शहरात माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय या खास कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. जिल्ह्याचे तालुके मात्र पंधरा. सुरगाणा, पेठ, बागलाण, नांदगाव इथल्या सगळ्याच मुलांना शहरात आणून ठेवणे शक्य नसते, आणि योग्यही नाही. त्यामुळे अनेक मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा आश्रमशाळेत, ऐकणाऱ्या मुलांबरोबर बसतात. समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षणात काम करणारे फिरते विशेष शिक्षक अशा शाळांना भेटी देतात. पण भेट संपली की वर्ग पुन्हा वर्गशिक्षकांच्याच हाती असतो, म्हणून संवादसुलभतेचा खरा भार त्यांच्यावर आहे.

आवाजाचे गणित साधे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. श्रवणयंत्र, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात ते, शिक्षकांच्या आवाजाबरोबर पंखा, बाक सरकवणे आणि शेजारच्या वर्गातले पाढेही मोठे करते. कर्णबधिर मुलाला बोलणे नीट समजायचे तर ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने मोठे हवे, असे तज्ज्ञ मानतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना किंवा मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या वर्गात हा फरक उरतच नाही. अशा वेळी बोलत राहण्यापेक्षा फळ्यावर लिहिणे बरे. शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या यंत्राला जोडलेला रिसीव्हर ही सोय उत्तम आहे, कारण ती अंतरच पुसून टाकते. पण ती महाग पडते. वर्गात सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि बाकांच्या पायांना रबरी बूच एवढे केले तरी फरक पडतो.

ओठ वाचणे हा दुसरा आधार, आणि त्याविषयी गैरसमज फार. प, ब, भ, म हे ध्वनी ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. ‘मामा’ आणि ‘बाबा’ यांत डोळ्यांना काहीच फरक नसतो. पान, बाण, मान यांचेही तेच. क, ख, ग, घ घशाकडे घडतात, ते दिसतच नाहीत. त्यात मराठीचे विभक्तिप्रत्यय. ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘त’ हे शब्दाच्या शेपटाला, हलक्या आवाजात येतात आणि निसटतात. मग मूल वहीत ‘राम आंबा दिला’ असे लिहिते. रामने दिला की रामला दिला, हे त्याला कधी ऐकूच आलेले नसते. ही व्याकरणाची ढिलाई समजून लाल रेघ मारणे अन्यायाचे आहे. संख्यांचेही तसेच. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न यांचा शेवट एकच, म्हणून पान क्रमांक तोंडी सांगताना तो फळ्यावर अंकांत लिहावा. बागलाण-मालेगावकडच्या मुलाच्या घरी अहिराणी असेल तर अडचण आणखी वाढते. ‘माझा’ ऐवजी घरात ‘मना’ पाहिलेल्या डोळ्यांना शाळेतले ओठ नव्याने शिकावे लागतात.

आता पाचवीचा एखादा वर्ग पाहा. अपूर्णांक चालू आहेत. बाई फळ्याकडे वळून ‘तीन छेद चार’ लिहितात आणि लिहिता लिहिताच, पाठमोऱ्या, सांगतात की छेद खाली असतो. वर्ग ‘हो’ म्हणतो. कर्णबधिर मुलगीही ‘हो’ म्हणते, कारण सगळ्यांची तोंडे हललेली तिने पाहिली. आधी लिहून, मग वळून, मग बोलायचे, एवढ्या तीन क्षणांच्या बदलाने ते वाक्य तिचे झाले असते. शिवाय ‘समजले का?’ असे न विचारता ‘छेद कुठे असतो, दाखव’ असे विचारावे. बाईंच्या मागे उघडी खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो; उजेड चेहऱ्यावर हवा. झुपकेदार मिशीतही वरचा ओठ हरवतो. मुलीला अगदी पहिल्या बाकावर नाही, तर दुसऱ्या रांगेत कडेला बसवावे, म्हणजे बोलणारे सवंगडीही दिसतात. दुसऱ्या कोणी उत्तर दिले तर त्याचे नाव घेऊन, बोट दाखवून, ते उत्तर पुन्हा सांगावे.

काही मुलांसाठी मुख्य भाषा भारतीय सांकेतिक भाषाच असते. ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण त्यात सहसा वाक्याच्या शेवटी येते. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. एनसीईआरटीची पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला आणि पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी ६ डिसेंबर २०२४ पासून या भाषेला वाहिलेली आहे. खुणा केल्या की मूल बोलायचे थांबते, ही भीती पालकांत अजून आहे. ती निराधार आहे. भाषेविना गेलेली पहिली पाच वर्षे मात्र भरून निघत नाहीत.

परीक्षेत वाढीव वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातच आहे. श्रुतलेखनाचा उल्लेख वेगळा करायला हवा. त्यात मोजला जातो कान, आणि गुण कापले जातात शुद्धलेखनाचे. चित्र दाखवून शब्द लिहून घेणे हा साधा पर्याय आहे. परिपाठातले बोलणेही भोंग्यातून फाटून येते. सुविचार आणि दिनविशेषाचा कागद आधीच हातात दिला तर मूल बाकीच्यांबरोबर चालते.

हे सगळे उपयोगी पडते ते श्रवणयंत्र चालू असेल तरच. सेल उतरलेला, मोल्डमध्ये, म्हणजे यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागात, मळ साचलेला किंवा दमट हवेने नळीत पाणी धरलेले असेल, तर लहान मूल ते सांगत नाही. ते फक्त गप्प होते. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी यासाठीच आहे. शिक्षक तोंडापुढे कागद धरतात, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि एकेक ध्वनी म्हणतात : आ, ऊ, ई, म, श, स. ऐकू आला की मूल डब्यात मणी टाकते. ‘आ’ला मणी पडला आणि ‘स’ला हात तसाच थांबला, तर त्या दिवशी त्याला ‘सात’ हा ‘आत’ असा ऐकू येणार आहे. चाचणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ती हजेरीच्या आधी घ्यावी लागते.