सामन्यांचा आठवडा : साउथईस्टर्न कॉन्फरन्स

अमेरिकेच्या आग्नेय भागातील विद्यापीठांनी आपसांत खेळण्यासाठी बांधलेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) या संघटनेच्या फुटबॉल हंगामाचे मूळ एकक. हा हंगाम फेऱ्यांनी किंवा महिन्यांनी मोजत नाहीत, आठवड्यांनी मोजतात. 'तिसरा आठवडा', 'बारावा आठवडा' असे म्हटले की तिथल्या माणसाला त्या दिवशी कोण कोणाशी भिडले हे आठवते. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल : लंबगोल चेंडू, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, १०० यार्ड लांबीचे मैदान आणि त्याच्या दोन्ही टोकांना १० यार्डांचा एकेक पट्टा, ज्याला एंड झोन म्हणतात. चेंडू घेऊन त्या पट्ट्यात शिरले की टचडाउन, म्हणजे ६ गुण. खांबांमधून चेंडू लाथाडला की फील्ड गोल, म्हणजे ३ गुण.

हा अंगावर येणारा खेळ असल्याने एक संघ आठवड्यात एकदाच मैदानात उतरू शकतो. नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने येतात. आयपीएलमध्ये १४ साखळी सामन्यांपैकी पाच-सहा हरलेला संघही पुढे सरकतो; इथे अनेक दशके दोन पराभव झाले की राष्ट्रीय विजेतेपदाचे नाव काढण्यात बहुधा अर्थ नसे. म्हणून एका शनिवारी लागलेला निकाल पुढचे सात दिवस चघळला जातो.

शनिवारच का

शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या फुटबॉलची आणि रविवार व्यावसायिक लीगचा, अशी वाटणी फार पूर्वीच पडली. तिला कायद्याचाही टेकू आहे. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगला सामूहिक प्रक्षेपण करार करण्याची मोकळीक दिली. पण सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, जवळपास शाळा-कॉलेजांचा सामना असेल तर, व्यावसायिक सामने दाखवण्याला आडकाठी घातली. शनिवार कॉलेजांकडे राहिला तो असा.

आठवड्याचा क्रम ठरलेला असतो. रविवारी दुपारी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची देशभरातल्या संघांची क्रमवारी येते, सोमवारी प्रशिक्षक पत्रकारांना तोंड देतात, मंगळवार-बुधवार कसून सराव, गुरुवारपासून सराव सैल, शुक्रवारी प्रवास. हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांहून अधिक सराव करून घेऊ नये, असा कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. सामना नक्की किती वाजता, हे मात्र दूरचित्रवाणी ठरवते. २०२३पर्यंत वेळ बहुधा १२ दिवस आधी, कधी फक्त ६ दिवस आधी जाहीर होई, आणि तोवर हजारो लोक हॉटेलांची खोली घेऊन बसलेले असत. १९९६ ते २०२३ या काळात सीबीएस वाहिनीवरचा दुपारचा सामना हा एसईसीच्या आठवड्याचा मानबिंदू होता. नोव्हेंबरच्या अखेरीस अलाबामात दुपारी अडीचला हा सामना सुरू व्हायचा, तेव्हा पुण्यात रविवारच्या पहाटेचे दोन वाजलेले असत. तिकडे शिकून परतलेल्या आणि ते वेड सोबत घेऊन आलेल्या मराठी मंडळींच्या घरी त्या रात्री दिवा का जळत असे, याचे उत्तर यात आहे.

संघटना

डिसेंबर १९३२मध्ये टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे १३ विद्यापीठे सदर्न कॉन्फरन्समधून फुटून निघाली आणि एसईसी जन्मली. मुख्यालय अलाबामातील बर्मिंगहॅम येथे. सेवानी, जॉर्जिया टेक आणि टुलेन पुढे बाहेर पडली. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना आली, आणि १९९२मध्ये बारा संघांचे पूर्व-पश्चिम असे दोन विभाग करून त्यांच्या अव्वल संघांत अंतिम सामना खेळवण्याची कल्पना एसईसीने अमलात आणली. तेव्हा अनेकांनी तिला वेड्यात काढले, कारण अजिंक्य संघाने आणखी एका सामन्याचा धोका ओढवून घ्यायचा कशाला? पुढे बहुतेक मोठ्या संघटनांनी तीच वाट धरली. २०१२मध्ये मिझुरी आणि टेक्सस ए अँड एम आल्याने संख्या १४ झाली.

या परंपरेच्या गोडव्यात एक गोष्ट सहसा झाकली जाते. ही संघटना वर्णभेदाच्या काळात वाढली. एसईसीच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू उतरायला १९६७ साल उजाडावे लागले. केंटकीचा नेट नॉर्दिंग्टन हा तो खेळाडू.

२०१३चा शेवटचा आठवडा

आठवडा या एककाचा अर्थ समजून घ्यायला २८ ते ३० नोव्हेंबर २०१३ या तीन दिवसांइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. हंगामाचा शेवटचा आठवडा हा परंपरेने जुन्या वैराचा असतो, आणि तो थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतो. म्हणजे घरी सगळा गोतावळा जमलेला, आणि एकाच जेवणाच्या टेबलावर दोन विद्यापीठांचे झेंडे. त्याच्या आदल्या आठवड्यात एसईसीतले बडे संघ दुबळ्या पाहुण्यांना बोलावून हात साफ करून घेतात, अशी थट्टा दरवर्षी होते. त्या वर्षी अलाबामाने चॅटनूगाला ४९-० असे लोळवले. फ्लॉरिडाच्या अंगावर मात्र ही थट्टा उलटली. खालच्या श्रेणीतल्या जॉर्जिया सदर्नने एकही पास (सहकाऱ्याकडे पुढे फेकलेला चेंडू) पूर्ण न करता, निव्वळ पळून-पळून, त्यांना २६-२० असे हरवले.

गुरुवारी रात्री मिसिसिपीतील दोन विद्यापीठांचा 'एग बोल' झाला. १९२६च्या सामन्यानंतर प्रेक्षकांत हाणामारी झाली, तेव्हा भांडणाला काही सभ्य रूप यावे म्हणून १९२७पासून सोनेरी चेंडूचा करंडक ठेवला गेला. त्या काळचा चेंडू आजच्यापेक्षा गोलसर, त्यामुळे करंडक अंड्यासारखा दिसू लागला आणि नाव पडले. मिसिसिपी स्टेटचा डॅक प्रेस्कॉट दुखापतग्रस्त होता. महिन्याच्या सुरुवातीला त्याची आई वारली होती. चौथ्या सत्रात तो मैदानात आला आणि जादा वेळेत त्याने स्वतः चेंडू घेऊन टचडाउन केला. ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, खेळाडू उत्तरादाखल गोलरेषेच्या तोंडाशी पोहोचला आणि तिथेच त्याच्या हातून चेंडू निसटला. १७-१०.

शुक्रवारी लुइझियाना स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, जायबंदी झाला. पहिल्या वर्षाच्या नवख्या मुलाने संघाला ९९ यार्ड पुढे नेत आर्कान्साला ३१-२७ असे हरवले. आर्कान्सा संघटनेतले आठही सामने हरला.

शनिवारी चौदापैकी दहा संघ मैदानात होते, आणि गुंता इथे सुरू होतो. पूर्व विभागात मिझुरीचा एक पराभव झालेला, साउथ कॅरोलायनाचे दोन. पण साउथ कॅरोलायनाने मिझुरीला समोरासमोर हरवले होते. म्हणजे मिझुरी टेक्सस ए अँड एमकडून हरला तर अटलांटातील अंतिम सामन्याचे तिकीट साउथ कॅरोलायनाचे. गंमत अशी की साउथ कॅरोलायनाला त्या संध्याकाळी संघटनेतला सामनाच नव्हता. ते आपल्याच राज्यातल्या, पण दुसऱ्या संघटनेतल्या क्लेम्सनशी खेळत होते. त्यांनी क्लेम्सनला सलग पाचव्या वर्षी हरवले, ३१-१७, आणि राज्यभर दिवाळी झाली. तिकडे हजाराहून अधिक किलोमीटरवर मिझुरीच्या हेन्री जोसीने ५७ यार्ड पळत बरोबरी मोडली. मिझुरी २८-२१ने जिंकला आणि कॅरोलायनाचा रस्ता बंद झाला. आपला सामना जिंकूनही हरल्यासारखे घरी जायचे, ही चव या खेळाच्या बाहेर फारशी चाखायला मिळत नाही.

दुपारी जॉर्जियाने २० गुणांची पिछाडी भरून काढत जॉर्जिया टेकला दुसऱ्या जादा वेळेत ४१-३४ असे हरवले. व्हँडरबिल्टने वेक फॉरेस्टला शेवटच्या मिनिटातल्या फील्ड गोलवर २३-२१, टेनेसीने केंटकीला २७-१४. फ्लॉरिडाला फ्लॉरिडा स्टेटने घरच्या मैदानावर ३७-७ असे चेपले; १९७९नंतर प्रथमच त्यांच्या हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले.

पण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे ऑबर्न या छोट्या गावाकडे होते. अलाबामा आणि ऑबर्न यांचा सामना बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलादाच्या धंद्यावरून 'आयर्न बोल' म्हणून ओळखला जातो. १८९३मध्ये सुरू झालेले हे वैर १९०७च्या बरोबरीनंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता, पंच अशा किरकोळ बाबींवरून इतके चिघळले की पुढची ४१ वर्षे दोघे खेळलेच नाहीत. १९४८पासून सामना बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर होऊ लागला. स्वतःच्या मैदानावर खेळण्यासाठी ऑबर्नला १९८९पर्यंत थांबावे लागले. २०१०मध्ये ऑबर्नने २४-० अशा पिछाडीवरून २८-२७ असा विजय खेचला, तेव्हा अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नर चौकातील जुन्या ओक वृक्षांना विष घातले. विजयानंतर याच झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या भिरकावण्याची तिथली रीत. एप्रिल २०१३मध्ये ती झाडे तोडावी लागली.

अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, एकही पराभव नाही, पाठीशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे आणि प्रशिक्षक निक सेबन. ऑबर्न आदल्या वर्षी संघटनेतले आठही सामने हरलेला. नवे प्रशिक्षक गस माल्झान यांच्या हाताखाली चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेला. शेवटची ३२ सेकंदे उरली असता ऑबर्नने २८-२८ अशी बरोबरी साधली. अलाबामाचा धावक सीमारेषेबाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर आले. सेबन यांनी हरकत घेतली. पंचांनी चित्रफीत पाहून १ सेकंद परत दिला.

त्या एका सेकंदात ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारायचा, असे अलाबामाने ठरवले. लाथ मारायला ॲडम ग्रिफिथ हा नवखा पुढे आला, कारण नेहमीच्या खेळाडूचे त्या दिवशी काहीच जमले नव्हते. नियम असा की अशी लाथ तोकडी पडली आणि चेंडू मैदानात राहिला, तर तो जिवंत असतो. समोरचा तो झेलून पळू शकतो. ऑबर्नने ख्रिस डेव्हिसला खांबांखाली अगदी मागच्या रेषेपाशी उभे केले होते. चेंडू तोकडा पडला. डेव्हिसने तो झेलला आणि डावीकडच्या सीमारेषेने सुटला. फील्ड गोलच्या वेळी मैदानात असतात ते अंगापिंडाने भक्कम, पुढच्याला अडवणारे गडी. मोकळ्या मैदानात पळणाऱ्याला गाठणे हा त्यांचा धर्मच नाही. सुमारे १०९ यार्ड पळून डेव्हिस दुसऱ्या टोकाच्या एंड झोनमध्ये शिरला. ३४-२८. या खेळीला 'किक सिक्स' हे नाव मिळाले. प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात उतरले. टूमर्स कॉर्नरवर झाडे नव्हती, तर लोकांनी तिथे ताणलेल्या तारांवर कागदाच्या गुंडाळ्या भिरकावल्या.

सेबन यांनी तो एक सेकंद मागितला नसता, तर सामना जादा वेळेत गेला असता. अलाबामात यावर अजून वाद होतात आणि ते संपण्याचे लक्षण नाही.

तक्त्यावर दोघांचा एकेक पराभव झाला आणि आपसांतल्या विजयामुळे ऑबर्न पश्चिम विभागाचा विजेता ठरला. त्या काळी राष्ट्रीय विजेतेपदासाठी देशातले फक्त दोन संघ निवडले जात, त्यामुळे वर्षभर अव्वल असलेला अलाबामा एका खेळीत बाद झाला. ७ डिसेंबरला अटलांटात ऑबर्नने मिझुरीला ५९-४२ असे हरवले आणि जानेवारीत त्यांची गाठ पडली ती फ्लॉरिडा स्टेटशी. म्हणजे त्याच शनिवारी ज्यांनी फ्लॉरिडाला चेपले होते त्यांच्याशी. १३ सेकंद शिल्लक असताना फ्लॉरिडा स्टेटने निर्णायक टचडाउन केला, ३४-३१. २००६पासूनची एसईसीची सलग सात राष्ट्रीय विजेतेपदांची मालिका तिथे थांबली. ऑबर्नवर नशीब मेहेरबान होते ते नोव्हेंबरपुरतेच.

पुढचे बदल

त्या आठवड्यात जिवाच्या आकांताने खेळलेल्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे मिळत नव्हते, तर प्रशिक्षकांचे करार कोट्यवधी डॉलरचे होते. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नाचा वाटा थेट देऊ लागली. सोबत संघ बदलणेही सोपे झाले. प्रेक्षकांनी मैदानात घुसण्यावरचा दंड एसईसीने वेळोवेळी वाढवला. २०२३मध्ये पहिल्या प्रसंगालाच १ लाख डॉलर झाला. प्रेक्षक तरीही घुसतात.

२०२४मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्याने संघ १६ झाले, पूर्व-पश्चिम विभाग मोडीत निघाले आणि सीबीएसची दुपार इतिहासजमा झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय बाद फेरीत १२ संघ घेण्याची पद्धत सुरू झाली. त्या हंगामाच्या अखेरच्या शनिवारी, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११नंतर प्रथमच भिडले. जिंकणारा अटलांटाला जाणार होता. टेक्सस १७-७ने जिंकला, आठवड्याभराने अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून जादा वेळेत १९-२२ असा हरला, आणि तरीही राष्ट्रीय बाद फेरीत दाखल झाला.