हायबरी (आर्सेनल स्टेडियम)

उत्तर लंडनमधील इस्लिंग्टन भागात असलेले, आर्सेनल फुटबॉल क्लबचे १९१३ ते २००६ या काळातील घरचे मैदान. 'आर्सेनल स्टेडियम' हे त्याचे अधिकृत नाव. पण बोलताना सगळे त्याला वस्तीच्या नावाने हायबरीच म्हणत.

क्लबचा जन्म १८८६ साली, थेम्सच्या दक्षिणेला वूलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांमध्ये झाला. तिथे प्रेक्षक फार जमत नसत. मालक हेन्री नॉरिस यांनी क्लब नदीपलीकडे हलवला आणि एका धर्मशास्त्र महाविद्यालयाची क्रीडांगणे २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. गुड फ्रायडे आणि नाताळ या दिवशी सामने भरवायचे नाहीत, आवारात दारू विकायची नाही, अशा अटी होत्या. १९२५ मध्ये ६४,००० पौंड मोजून क्लबने ही जागा विकत घेतली. जवळच्याच टॉटनहॅम क्लबला हा नवा शेजारी मुळीच रुचला नव्हता.

६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉसविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा बांधकाम अर्धवटच होते. आर्सेनलने तो २-१ असा जिंकला. आर्सेनलचा या मैदानावरचा पहिला गोल करणारा जॉर्ज जोबी जखमी झाला, आणि उपचाराची धड सोय नसल्याने त्याला गवळ्याच्या गाडीवरून बिऱ्हाडी पोहोचवावे लागले. उत्तरेकडचा उतार भरण्यासाठी क्लबने लोकांना राडारोडा आणून टाकायला सांगितले होते. त्यात एका कोळसेवाल्याचा घोडा गाडीसकट खड्ड्यात कोसळला आणि तिथेच पुरला गेला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा खोटी, आर्सेनलवाले ती हौसेने सांगतात.

हायबरीला रूप आले ते हर्बर्ट चॅपमन व्यवस्थापक असताना. १९३२ मध्ये शेजारच्या भुयारी रेल्वे स्थानकाचे 'गिलेस्पी रोड' हे नाव बदलून 'आर्सेनल' करवून घेण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्याच वर्षी क्लॉड फेरियर आणि विल्यम बिनी यांनी आखलेला पश्चिमेचा स्टँड उभा राहिला. त्याच्या जोडीचा पूर्वेचा स्टँड १९३६ मध्ये पूर्ण झाला, पण तो पाहायला चॅपमन हयात नव्हते. आर्ट डेको शैलीचा हा पूर्व स्टँड अव्हेनेल रोडवरून पाहिला तर फुटबॉलचे मैदान वाटतच नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींशीच त्याचे नाते जवळचे दिसते. आतल्या दालनात शिल्पकार एपस्टाइन यांनी घडवलेला चॅपमन यांचा अर्धपुतळा होता. चॅपमन यांनी मैदानावर लावलेले घड्याळ आधी ४५ मिनिटांचे, म्हणजे सामन्याच्या एका अर्धाएवढे होते. फुटबॉल संघटनेने हरकत घेतल्यावर तिथे नेहमीचे घड्याळ आले, आणि पुढे ते दक्षिणेकडे हलवल्यावर ती बाजू 'क्लॉक एंड' म्हणून ओळखली जाऊ लागली.

९ मार्च १९३५ रोजी संडरलंडविरुद्धचा सामना पाहायला ७३,२९५ प्रेक्षक आले. हा इथला उच्चांक. सामन्यात मात्र एकही गोल झाला नाही. त्याआधी नोव्हेंबर १९३४ मध्ये इंग्लंडने विश्वविजेत्या इटलीला ३-२ असे इथेच हरवले. इंग्लंडच्या अकरांत सात जण आर्सेनलचे होते. सामना इतका हाणामारीचा झाला की तो 'हायबरीची लढाई' म्हणूनच ओळखला जातो. बीबीसीने फुटबॉल सामन्याचे पहिले थेट रेडिओ समालोचन १९२७ मध्ये इथूनच केले. दुसऱ्या महायुद्धात मैदान हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या कामासाठी दिले गेले, त्यामुळे आर्सेनलला घरचे सामने टॉटनहॅमच्या मैदानावर खेळावे लागले. १९४८च्या ऑलिंपिकमधील फुटबॉल सामनेही इथे झाले. अनवाणी खेळाडूंमुळे गाजलेला भारताचा फ्रान्सविरुद्धचा सामना मात्र इलफर्डला झाला. १९६६ मध्ये महंमद अली आणि हेन्री कूपर यांची मुष्टियुद्धाची लढतही या मैदानावर रंगली.

मैदान चारी बाजूंनी घरांनी वेढलेले होते. पश्चिमेचे एक प्रवेशद्वार तर रांगेतल्या दोन घरांच्या मधूनच होते. खेळाची जागाही लहान, जेमतेम १०० बाय ६७ मीटर. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला खेळाडूंचे बोलणे ऐकू येई. या दाटीतच हायबरीची गंमत होती आणि तिनेच पुढे घात केला. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर सर्वांना बसण्याची सोय सक्तीची झाली. उभ्याने सामना पाहणाऱ्यांचा उत्तरेकडचा 'नॉर्थ बँक' १९९२ मध्ये पाडला आणि क्षमता ३८,५०० च्या आत आली. काम चालू असताना त्या बाजूला प्रेक्षकांचे चित्र रंगवलेला पडदा टांगला होता. चित्रात एकही कृष्णवर्णीय चेहरा नाही, अशी टीका झाल्यावर तो दुरुस्त करावा लागला. विस्तार करायचा तर शेजारची घरे पाडावी लागणार होती, त्याला रहिवाशांचा विरोध होता, आणि पूर्व स्टँडला वारसा वास्तूचा दर्जा मिळाल्याने तिथेही हात लावता येईना. जागा अपुरी पडू लागल्याने चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेचे घरचे सामने दोन हंगाम वेम्बलीवर खेळावे लागले.

अखेर क्लबने अर्ध्या किलोमीटरवर एमिरेट्स स्टेडियम बांधले. ७ मे २००६ रोजी विगनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात आर्सेनल ४-२ असे जिंकले. त्यातले तीन गोल थिएरी आंरीचे. मूळ घड्याळ नव्या स्टेडियमवर गेले. हायबरीचे उत्तर-दक्षिण स्टँड पाडून तिथे इमारती झाल्या. पूर्व स्टँडचे दर्शनी रूप आणि पश्चिमेचा भाग राखून, आत 'हायबरी स्क्वेअर' नावाचा सुमारे ७०० सदनिकांचा गृहप्रकल्प उभा राहिला. खेळाच्या जागी रहिवाशांची बाग आहे. २००८च्या मंदीत घरांची विक्री रेंगाळली. तरी प्रकल्पासाठी काढलेले कर्ज क्लबने २०१० पर्यंत फेडले.