निळा रकाना, गुलाबी रकाना: सट्ट्याच्या बाजाराचं गणित

आयपीएल सुरू झाली की लातूर-नांदेडच्या कॉलेजांभोवती आणि तालुक्याच्या बसस्थानकांसमोरच्या हॉटेलांत पोरांच्या मोबाइलवर एकाच धाटणीचा पडदा दिसू लागतो. प्रत्येक संघाच्या नावापुढे एक निळा रकाना, एक गुलाबी रकाना, आणि चेंडूगणिक हलणारे आकडे. "हा सट्टा नाही, ट्रेडिंग आहे," असं ही पोरं मनापासून सांगतात. पडद्यामागची रचना खरोखरच बाजाराची आहे, त्यामुळे त्यांना नुसतं रागावून भागत नाही. त्यातलं गणित त्यांच्यासमोर मांडावं लागतं.

जुन्या पद्धतीत समोर बुकी असतो. भाव तो ठरवतो आणि आपली कमाई त्या भावातच बसवतो. दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर रास्त भाव २.०० हवा, म्हणजे १,००० रुपये लावून जिंकलं तर मुद्दलासह २,००० परत. बुकी दोन्हीकडे १.९० देतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा हजार लागले की त्याच्याकडे २०,००० जमतात आणि वाटावे लागतात १९,०००. कोणीही जिंको, हजार रुपये त्याचेच.

२००० साली अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी इंग्लंडमध्ये बेटफेअर ही ऑनलाइन पैजांची कंपनी सुरू केली आणि हा मधला बुकीच काढून टाकला. शेअर बाजारासारखीच ही व्यवस्था, म्हणून तिला एक्स्चेंज म्हणतात. एकाने म्हणायचं, अमुक संघ जिंकेल, २.५० भावाने माझे १,००० लाव. दुसऱ्याने म्हणायचं, तो जिंकणार नाही, तुझी पैज मी घेतो. दोघांचे भाव जुळले की सौदा पक्का. निळ्या रकान्यात संघावर पैसे लावायचे, गुलाबीत संघाविरुद्ध पैज घ्यायची. आपल्याकडचे सटोडिये यालाच लगाई आणि खाई म्हणतात. संघ जिंकला तर लावणाऱ्याला १,५०० नफा, आणि ते १,५०० खाणाऱ्याच्या खिशातून जातात. हरला तर लावणाऱ्याचे १,००० खाणाऱ्याला. एक्स्चेंज स्वतः कोणाच्याच बाजूने नसतं. जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यावर ते कमिशन कापतं, साधारण दोन ते पाच टक्के.

आता तो भाव नेमकं काय सांगतो? १ ला २.५० ने भागा. उत्तर ०.४०, म्हणजे संघ जिंकण्याची शक्यता ४० टक्के आहे असं बाजाराचं एकत्रित मत. हे मत बरंचसं बरोबर निघतं, कारण चुकीच्या भावावर टपून बसलेले लोक भरपूर असतात आणि त्यांच्याच पैशाने भाव जागेवर येतो. फार दुबळ्या स्पर्धकांवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात, हे घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासात १९४९ पासून दिसत आलं आहे.

सामना अर्धा झाल्यावर पैजेची किंमत किती, हा प्रश्न संभाव्यतेच्या गणिताइतकाच जुना आहे. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून तो सोडवला. तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळी रक्कम मिळणार आहे, आणि २-१ असताना खेळ थांबला. वाटणी कशी करायची? पुढचा डाव झालाच असता तर निम्म्या शक्यतेने पुढे असलेल्याला सगळं मिळालं असतं, निम्म्या शक्यतेने २-२ होऊन अर्धं. सरासरी तीन चतुर्थांश, म्हणून तेवढं त्याचं. त्यांनी झालेल्या डावांचा हिशेब सोडून राहिलेल्या डावांच्या शक्यता मोजल्या. मला हा विचार फार मोठा वाटतो. विम्याचा हप्ता ठरवण्यामागेही हेच गणित आहे.

ट्रेडिंग म्हणतात ते याच वाटणीवर चालतं. समजा २.५० ने १,००० लावले. पॉवरप्ले जोरात झाला आणि भाव २.०० वर आला, म्हणजे शक्यता ५० टक्के झाली. आता त्याच संघाविरुद्ध १,२५० ची पैज २.०० ने घ्या. संघ जिंकला तर आधीचे १,५०० मिळाले, नंतरचे १,२५० गेले, उरले २५०. हरला तर १,००० गेले, १,२५० आले, उरले २५०. निकाल काहीही लागो, अडीचशे रुपये नक्की! हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, खजिन्याची किल्लीच सापडली.

पण पॉवरप्लेत दोन विकेटही पडू शकल्या असत्या. तेव्हा भाव ३.०० होतो, शक्यता ३३ टक्क्यांवर येते, आणि तशीच उलटी पैज (आता सुमारे ८३३ ची) घेऊन बाहेर पडलं तर दोन्हीकडून सुमारे १६७ रुपयांचा तोटा. मग सौदा फायद्याचाच की? २५० मिळणार, १६७ जाणार. इथेच थांबून हिशेब करायला हवा. सुरुवातीची ४० टक्के शक्यता बरोबर असेल, तर भाव २.०० ला जाण्याची शक्यता ४० टक्के आणि ३.०० ला जाण्याची ६० टक्केच असली पाहिजे. नाहीतर दोन्ही वाटांची सरासरी ४० येत नाही. आता शंभर वेळा हा सौदा केला असं धरा. चाळीसदा २५० मिळाले, म्हणजे १०,०००. साठदा १६६.६७ गेले, तेही १०,०००. शिल्लक शून्य. भाव रास्त असेल तर बाहेर कधीही पडा, सरासरी शून्यच येते. गणितात याला मार्टिंगेल म्हणतात.

शून्यातून कमिशन वजा करा. नफ्यावर ५ टक्के कापले की २५० चे २३७.५० होतात आणि प्रत्येक सौद्यामागे सरासरी ५ रुपये तोटा पडतो. पाच रुपये कोणाला जाणवत नाहीत. पण असे २०० सौदे झाले की सरासरीने अख्खे हजार गेलेले असतात, आणि मधल्या काळात कधी जिंकल्याचा आनंदही झालेला असतो, म्हणून गळती दिसत नाही.

लातूरच्या मार्केट यार्डातही सौद्यात भाव निघतो, पण तिथे पोत्यात सोयाबीन असतं. शेतकऱ्याला पैसे हवे असतात, तेल गिरणीला गाळपासाठी माल. एकाच भावात दोघांचंही काम होतं. वायदे बाजारातसुद्धा, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरतो तिथेही, गिरणी आपली जोखीम दुसऱ्यावर सोपवत असते. (या बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हा पेरणी करताना काढणीच्या भावाचा अंदाज देणारा एक आकडा गेला, याची मला आजही हळहळ वाटते.) सामन्याच्या बाजारात मालच नाही. एकाचा रुपया दुसऱ्याकडे जातो, आणि जाताना घटतो.

मग सातत्याने कमावणारे कोणीच नाहीत का? आहेत. ज्यांच्याकडे वेगवान संगणक, स्वतःची गणिती मॉडेल आणि आधी पोहोचणारी बातमी असते, ते. मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. विकेट आपल्याला दिसेपर्यंत भाव हललेला असतो. म्हणूनच बेटफेअर चालू सामन्यातली पैज काही सेकंद रोखून धरते.

हे सगळं परवाना असलेल्या, नियमांखाली चालणाऱ्या एक्स्चेंजबद्दल झालं. आपल्याकडे मिळते ती एजंटाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "आयडी". आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं. रकाने तसेच, रंगही तेच. पण आपली पैज खरंच दुसऱ्या कोणाशी जुळली की आयडी देणाऱ्यानेच ती खाल्ली, हे कळायला मार्ग नाही. खात्यातला आकडा रोख होऊन हातात येईल की नाही, हे त्याच्या मर्जीवर. दाद मागायला जागा नाही, कारण हा व्यवहारच बेकायदा आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या अशा सगळ्या सेवांना बंदी केली आहे. सेवा पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैसे फिरवणाऱ्यांवर आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे अडकलेल्या मुलाने घरात सांगायला घाबरू नये.

पैसे फसवून घेतले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं. खेळ सुटत नसेल, झोप उडाली असेल, कर्जाने जीव घाबरा झाला असेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोन फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.