रेशमी साडी आणि धुण्याची पावडर

नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत घामाने भिजलेली साडी घरी येऊन तशीच घडी घालून ठेवली, की पुढच्या सणाला काखेत आणि कमरेशी पिवळट डाग दिसतात. ते घामातल्या मिठाचे आणि आम्लाचे काम. म्हणून साडी सोडल्यावर तीन-चार तास सावलीत, वाऱ्यावर पसरावी.

रेशमाचा धागा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असतो. धुण्याची नेहमीची पावडर अल्कधर्मी, सामू (pH) 10च्या आसपास. तिने रेशीम खरखरीत होते आणि चमक उतरते. त्यात एन्झाइम असतील तर आणखी वाईट. दूध-अंड्याचे डाग तोडणारे एन्झाइम प्रथिनच तोडतात आणि रेशीमही प्रथिनच. साडी पाण्यापेक्षा पावडरीनेच जास्त खराब होते.

जरीकाठाची साडी घरी भिजवूच नये. रेशीम आणि जरीचा धागा सारखे आवळत नाहीत, काठ चुण्या धरतो. साधी रेशमी साडी किंवा ओढणी मात्र खुशाल धुवावी. आधी आतल्या कडेवर ओला पांढरा कपडा अर्धा मिनिट दाबून रंग जातो का ते पाहावे. गेला तर ड्रायक्लीनिंगच बरे.

आठ-दहा रिठे बिया काढून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी 10 मिनिटे उकळून गाळावेत आणि ते पाणी 4 लिटर गार पाण्यात मिसळावे. फिक्या रंगावर रिठ्याची तांबूस झाक चढते, तिथे लोकरीचा लिक्विड साबण एक चमचा पुरे. कपडा तीन-चार मिनिटेच बुडवून हलक्या हाताने खळबळावा. साबण वापरला असेल तर शेवटच्या 5 लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालावे, उरलेला अल्क मारला जातो. पिळायचे मात्र नाही! ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असते. टॉवेलात गुंडाळून दाबावे, सावलीत वाळवावे. उन्हाने रेशीम पिवळे पडते. किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने मंद इस्त्री फिरवावी. वर पाणी शिंपडले तर थेंबांचे डाग राहतात.

कोल्हापूरचा पावसाळा रेशमाची खरी परीक्षा घेतो. हाताला कोरडे लागणारे रेशीमही वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा ओलावा धरून असते. प्लास्टिकच्या पिशवीत तो कोंडला की बुरशी आलीच. मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळावे. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये. दर तीन महिन्यांनी घडी मोडून नवी घालावी, नाहीतर जरीचा धागा त्याच रेषेवर तुटतो. पावसाळ्यात हे काम उघडीप मिळेल त्या दिवशी करावे.