मागील ब्रेक पॅड बदलणे (टूरिंग मोटारसायकल)

मागील ब्रेक पॅड बदलणे : टूरिंग मोटारसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकमधील झिजलेले पॅड काढून नवे बसवण्याचे देखभालीचे काम. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा थर होय. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलवर दाब येतो, कॅलिपरमधील (पॅड धरून ठेवणाऱ्या, डिस्कवर बसवलेल्या पकडीतील) पिस्टन पुढे सरकतो आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये आवळली जाते.

ब्रेक लावताना वजन पुढे झुकत असल्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो. तरीही टूरिंग गाडीचे मागचे पॅड पुष्कळदा अपेक्षेपेक्षा लवकर संपतात, कारण मागे सामानाच्या पेट्या व जोडीदार यांचा भार असतो आणि काही गाड्यांत पुढचा लिव्हर दाबला तरी मागचा ब्रेकही लागतो. मुंबईत त्यात सिग्नलमागून सिग्नल थांबत जाण्याची भर पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने पुण्याहून परतणारे जुन्या रस्त्याने बोरघाट उतरतात. तेथे खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध न वापरता पाय सतत पेडलवर ठेवला, तर पॅड झिजतात आणि ब्रेक ऑइलही तापते.

घर्षणद्रव्याची जाडी सुमारे १ मिमी उरली, किंवा झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली, की पॅड बदलतात. लांबच्या प्रवासापूर्वी २ मिमी असतानाच बदललेले बरे. मात्र जाडीइतकेच झिजेच्या रूपाकडेही पाहावे. एक पॅड जाड आणि दुसरा पत्र्याला टेकलेला असेल, तर बहुधा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झालेल्या असतात. खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल यांमुळे मुंबईच्या गाड्यांत हे नवल नाही. नुसते नवे पॅड घातल्याने हा दोष झाकला जातो, दूर होत नाही.

गाडी डबल स्टँडवर घेऊन, काम थंड डिस्कवर करावे. पॅडची पिन अनेक गाड्यांत कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच सैल करणे सोयीचे जाते. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधतात आणि एबीएसच्या सेन्सरची वायर ताणू देत नाहीत. धूळ फुंकणे टाळून ती ब्रेक क्लीनरने धुतात. जुने पॅड निघाले की पिस्टनच्या उघड्या भागावर काळपट-तांबूस मळाचे कडे दिसते. खरी मेहनत इथेच आहे. हा मळ पुसल्याशिवाय पिस्टन आत ढकलला, तर तो सीलवर (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर) घासतो आणि पुढे गळती सुरू होऊ शकते. पिस्टन मागे जाताना टाकीतील ऑइलची पातळी वाढते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे. सांडलेले डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल गाडीचा रंग खराब करते, ते लगेच पाण्याने धुवावे. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस बेताने लावावे. डिस्कला किंवा पॅडला ग्रीसचा अथवा तेलकट बोटाचा स्पर्शही होऊ देऊ नये. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळतात.

काम संपल्यावर पेडल पहिल्या काही दाबांत पोकळ लागते, कारण पिस्टन अजून पॅडपासून दूर असतो. गाडी जागची हलवण्यापूर्वी ते कडक होईपर्यंत दाबत राहणे आवश्यक असते. तरीही ते स्पंजासारखे मऊ राहिले, तर नळीतील हवा काढावी लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने ते साधारण दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे दोन्ही कामे एकत्र उरकणे सोयीचे ठरते.

सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) पॅड उष्णता व पाऊस अधिक सोसतात, ऑरगॅनिक (तंतू व राळ यांचे) पॅड डिस्कला सौम्य असतात. गाडीच्या डिस्कला कोणता प्रकार चालतो हे पाहूनच निवड करावी. नव्या पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी जुळायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात आणि तोवर पकड पूर्ण मिळत नाही. त्यामुळे सहलीच्या आदल्या रात्री पॅड बदलून पहाटे घाटाला लागणे टाळावे.